सूत त्याचं, उधारीही त्याचीच

२०२२ च्या मे महिन्यात कापसाची खंडी लाख रुपयांच्या वर गेली. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई. तिचा भाव हलला की पाठोपाठ सुताचा भाव हलतो. केंद्र सरकारने एप्रिलमध्येच कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांपुरतं माफ केलं होतं, तरी तेजी लगेच ओसरली नाही. अशा दिवसांत लहान यंत्रमागधारक दोन्हीकडून चेपला जातो. कापडाचा सौदा जुन्या भावाने झालेला असतो आणि सूत नव्या भावाने घ्यावं लागतं. ज्याचं सूत तीन-चार ठिकाणांहून येतं तो निदान तीन-चार ठिकाणी भाव विचारू शकतो. ज्याचा सूत व्यापारी एकच आहे आणि त्याच्याकडे तीन लाखांची बाकी आहे, त्याला भाव विचारायचीही चोरी. व्यापारी सांगेल तो दर आणि पाठवेल तो लॉट.

लहान उद्योजकांना एक सल्ला हमखास मिळतो: एकाच पुरवठादारावर विसंबू नका. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. आपल्याकडचा लहान कारखानदार एका पुरवठादाराला धरून राहतो, कारण तो पुरवठादारच त्याची बँक असतो. माल तोच देतो आणि पैशासाठी दीड-दोन महिने थांबतोही तोच. दुसऱ्याकडे जायचं तर आधी पहिल्याची बाकी भागवावी लागते आणि ती भागवायला हातात रोकड नसते. म्हणून दुसरा पुरवठादार आणि खेळतं भांडवल हे प्रश्न सुटे सुटे सुटत नाहीत. दोन्ही एकाच वेळी, टप्प्याटप्प्याने सोडवावे लागतात.

ते कसं करायचं, हे या लेखात मांडलं आहे. उदाहरण इचलकरंजीतल्या यंत्रमागाचं घेतलं आहे, कारण भांडवल संपलं की काय होतं हे तिथे उघड दिसतं. स्वतःचं सूत घेऊन कापड विकणाऱ्याचं भांडवल आटलं की तो ‘खर्चीवाला’ होतो. माग त्याचा, कामगार त्याचे, वीजबिल त्याचं. सूत मात्र व्यापाऱ्याचं, आणि हाती येते ती ‘पिका’वर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, मोजलेली मजुरी. खर्चीने माग चालवण्यात कमीपणा काहीच नाही, कित्येक घरं त्यावर उभी आहेत. पण तो निर्णय विचार करून घेतलेला असावा, नाइलाजाने गळ्यात पडलेला नसावा. फौंड्री, बेकरी, छापखाना, फर्निचर, मसाले असा कोणताही धंदा असला तरी हिशेब हाच आहे. फक्त सुताच्या जागी आपला कच्चा माल धरा.

उधारीचा खरा दर

सुरुवात हिशेबापासून करू. तुमच्या सूत व्यापाऱ्याला सरळ विचारा, ‘रोखीने घेतलं तर सीडी किती?’ सीडी म्हणजे रोखीवरची सूट. समजा रोखीने १०० रुपयांना मिळणारं सूत ४५ दिवसांच्या उधारीवर १०३ रुपयांना पडतं. तीन रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण हे तीन टक्के ४५ दिवसांचे आहेत. वर्षात असे आठ फेरे होतात, म्हणजे दर वर्षाला २४ टक्क्यांच्या वर गेला.

हे आकड्यांत पाहू. वर्षाला ६० लाखांची उलाढाल असलेला एक कारखानदार धरा. त्याची सुताची खरेदी वर्षाला ३६ लाखांची. प्रत्येक शंभरामागे तीन रुपये जादा म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार रुपये त्याने उधारीपोटी मोजले. बिलात ‘व्याज’ असा शब्द कुठेही नसतो, ते दरातच मुरलेलं असतं. आता हेच सूत बँकेच्या पैशाने रोखीत घेतलं तर? ४५ दिवसांच्या सुतात अडकणारी रक्कम सुमारे ४ लाख ४४ हजार. त्यावर ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाला सुमारे ४९ हजार. फरक ५९ हजारांचा. त्यातून बँकेचं प्रक्रिया शुल्क आणि हमी शुल्क वजा केलं तरी बरीच रक्कम हाती राहते.

तुमचे आकडे वेगळे असतील. काही व्यापारी खरोखरच बिनव्याजी थांबतात, तिथे घाई करू नका. पण रोखीचा दर माहीत नसेल तर उधारी स्वस्त की महाग, हे सांगताच येणार नाही. म्हणून येत्या आठवड्यात एवढं एक काम करा: तुमच्या सगळ्यांत मोठ्या खरेदीचा रोखीचा आणि उधारीचा दर, दोन्ही लिहून घ्या.

धंदा एका पानावर मांडा

सगळ्याच मालाला दोन पुरवठादार लागत नाहीत. तसं करायला गेलं तर दिवस फोनवरच जाईल. एक वहीचं पान घ्या आणि त्यावर कारखान्यात येणारी प्रत्येक गोष्ट लिहा: सूत, सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ देऊन बीम भरणं), मागाचे सुटे भाग, तेल, वीज, जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर), वाहतूक. प्रत्येकापुढे चार गोष्टी भरा. महिन्याला किती रुपयांचं लागतं? ते आज बंद झालं तर माग किती दिवसांनी थांबतील? दुसरीकडून आणायला किती दिवस लागतील? आणि त्या माणसाची आपल्याकडे बाकी किती?

‘माग थांबायला चार दिवस आणि दुसरीकडून आणायला पंधरा दिवस’ असं जिथे दिसेल तिथे खरा धोका आहे. बहुतेकांच्या पानावर अशा दोन किंवा तीनच जागा निघतात. सूत असतंच. बऱ्याचदा सायझिंगही निघतं, कारण सायझिंगवाला एकच असेल आणि त्याच्याकडे दुरुस्ती निघाली तर गोडाऊनमध्ये सूत असूनही बीम मिळत नाही. परदेशी बनावटीचे माग असतील तर एखादा इलेक्ट्रॉनिक कार्डसारखा सुटा भागही या यादीत येतो. त्याला दुसरा पुरवठादार शोधण्यापेक्षा एक नग कपाटात ठेवणं शहाणपणाचं.

याच पानाच्या मागच्या बाजूला गिऱ्हाइकं लिहा. एकाच कापड व्यापाऱ्याकडे निम्म्याहून जास्त माल जात असेल तर तोही तितकाच मोठा धोका आहे. सुताची बाजू कितीही सावरली तरी तो व्यापारी तीन महिने थांबला की घडी विस्कटते.

दुसरा पुरवठादार पारखताना

पहिली काळजी अशी की दुसरा पुरवठादार मुळापासून दुसरा हवा. एकाच गिरणीचं सूत विकणारे दोन व्यापारी म्हणजे दोन पुरवठादार नव्हेत. गिरणी बंद पडली की दोघांचाही माल एकाच दिवशी थांबतो. गिरणी वेगळी हवी आणि जमलं तर भागही वेगळा हवा, म्हणजे एक पुरवठा महाराष्ट्रातल्या सूतगिरणीचा आणि दुसरा दक्षिणेकडच्या गिरणीचा. पाऊस, संप, वाहतूक, वीज यांचा फटका दोघांना एकदम बसण्याची शक्यता मग कमी होते.

दुसरी काळजी प्रतीची. ४० काउंट म्हणून घेतलेलं दोन गिरण्यांचं सूत डोळ्यांना सारखंच दिसतं. ग्रे कापडातही फरक कळत नाही. पण एकाच बीममध्ये किंवा एकाच ताक्याच्या बाण्यात दोन गिरण्यांचं सूत मिसळलं तर रंगाईनंतर पट्टे उमटतात, कारण रुई वेगळी, पीळ वेगळा आणि रंग पिण्याची तऱ्हा वेगळी. प्रोसेसमधून ताका परत येतो, व्यापारी दर कापतो आणि दोष नव्या पुरवठादाराच्या माथी मारून आपण पुन्हा जुन्याकडे जातो. चूक सुताची नसते, ती मिसळीची असते.

म्हणून चाचणी शिस्तीत करा. आधी दोन पोती घ्या. कोनच्या लेबलवरचा लॉट नंबर वहीत लिहा. पोत्यातले पाच-दहा कोन वजन करून पाहा. वजनात तूट आहे का आणि सूत जास्त ओलं आहे का, हे लगेच कळतं. सुती धाग्यात ओलाव्याचं प्रमाण ठरवताना साडेआठ टक्के हा मान्य आकडा धरतात. त्याहून जास्त ओलावा म्हणजे तुम्ही सुताच्या भावात पाणी विकत घेताय. काउंट आणि ताकदीची तपासणी वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळेत करून घ्या, तिचा खर्च एका बिघडलेल्या ताक्यापेक्षा फार कमी असतो. मग हे सूत आधी एकाच मागावर, वेगळ्या ताक्यात, बाण्यासाठी वापरा. ताण्यासाठी घ्यायचं तर अख्खा बीम त्याच लॉटचा हवा. त्या मागावर पाळीमध्ये धागा किती वेळा तुटतो हे कामगाराला पाटीवर लिहायला सांगा आणि शेजारच्या मागाशी ताडून पाहा. कामगाराचं मत जरूर विचारा, सुताची खोड त्याच्या बोटांना आधी कळते. शेवटी त्या ताक्याचा एक तुकडा रंगवून आणा. एवढं पार पडलं की मगच मोठी खरेदी.

तिसरी काळजी कागदाची. नव्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की तो विवरणपत्रं वेळेवर भरतो की नाही, हे दिसतं. त्याने बिल चढवलं नाही तर ते तुमच्या जीएसटीआर-२बी विवरणात दिसणार नाही आणि कराचं क्रेडिट अडकेल. सुतात दोन रुपये वाचवायला गेलेल्याचे पाच टक्के असे अडकतात. तुमच्या बाजूनेही एक गोष्ट सांभाळा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

खरेदीची वाटणी किती ठेवायची? सुरुवातीला पाऊण भाग जुन्याकडे आणि पाव भाग नव्याकडे ठेवावा, हे बरं. नव्याकडची खरेदी शक्य तितकी रोखीने करा. त्याने तुमचं नाव बाजारात तयार होतं, आणि अडचणीच्या महिन्यात त्याच्याकडे शब्द टाकायची सोय राहते. नव्याकडे अधूनमधून, फक्त जुना अडला की जायचं, असं करू नका. टंचाईच्या दिवसांत व्यापारी नेहमीच्या गिऱ्हाइकाला आधी माल देतो आणि त्या यादीत तुमचं नाव नसेल.

जुन्या व्यापाऱ्याला हे लपवूनही ठेवू नका. पेठेत काही लपत नाही. ‘तुमची बाकी महिन्याला अमुक इतकी कमी करतोय, थोडा माल रोखीने दुसरीकडून घेतोय,’ असं स्वतः जाऊन सांगा आणि सांगितलेल्या तारखेला पैसे पोचवा. वीस वर्षं सांभाळून घेणाऱ्या माणसाचा मान राखूनच ही सुटका करायची आहे. आणि बाकी कमी होताना दिसली तर त्यालाही ते हवंच असतं.

बँकेकडे काय मागायचं

लहान उद्योजक बँकेत जातो आणि ‘कर्ज हवंय’ एवढंच सांगतो. काय हवं ते नेमकं सांगा. माग घ्यायला मुदत कर्ज आणि सूत घ्यायला कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी. सीसीतून मशीन घेतलं की पैसा पाच-सात वर्षांसाठी गुंतून पडतो, सूत घ्यायला उरत नाही, आणि कारखानदार पुन्हा उधारीच्या दारात उभा राहतो. मागांचं आधुनिकीकरण करताना हे फार घडतं.

सीसी किती मिळू शकते? पी. आर. नायक समितीच्या शिफारशीवरून आलेली पद्धत आजही वापरात आहे. पुढच्या वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के उद्योजकाने घालायचे. पाच कोटींपर्यंतच्या मर्यादांना ही पद्धत लागू होते. वरच्या उदाहरणातल्या ६० लाखांच्या उलाढालीला बँकेचे १२ लाख आणि स्वतःचे ३ लाख. मात्र ही उलाढाल जीएसटी विवरणात आणि बँक खात्यात दिसायला हवी. निम्मा धंदा कच्च्या पावतीवर करणाऱ्याला निम्म्या धंद्याचीच मर्यादा मिळते. पक्क्या बिलाची किंमत अशी कर्जाच्या दिवशी कळते.

तारणाचं काय? सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यापुढच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई ही हमी योजना आहे. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी मिळू शकते. ही हमी बँकेला असते. कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई मिळते, पण तुमची देणेदारी संपत नाही. शाखेत ‘तारण काय देणार?’ असं विचारलं तर ‘या योजनेखाली प्रस्ताव करा’ असं लेखी अर्जात लिहा. नकार आला तर कारणही लेखी मागा. छोट्या धंद्यांसाठी मुद्रा योजना आहेच: शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत.

या सगळ्याच्या आधी उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते, एजंटाला पैसे देण्याचं कारण नाही. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर उद्योग सूक्ष्म. २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढालीपर्यंत तो लघु.

मर्यादा मंजूर झाली म्हणजे सगळी रक्कम उचलता येते असं नाही. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक उचल ठरवते, आणि उधारीने घेतलेलं सूत इथे दुसऱ्यांदा नडतं. समजा गोडाऊनमध्ये ५ लाखांचा माल आहे आणि त्यातल्या ३ लाखांचे पैसे व्यापाऱ्याला द्यायचे आहेत. बँक फक्त २ लाखांचाच माल तुमचा धरते. येणी १२ लाखांची, पण त्यातली ५ लाखांची ९० दिवसांहून जुनी. ती बँक मोजत नाही, ७ लाखच मोजते. मालावर २५ टक्के आणि येण्यांवर ४० टक्के मार्जिन धरलं तर उचल होते दीड लाख अधिक ४ लाख २० हजार, म्हणजे ५ लाख ७० हजार. व्यापाऱ्याची बाकी भागवलेली असती, तर हीच उचल ७ लाख ९५ हजार झाली असती. मार्जिनचे टक्के बँकेगणिक बदलतात, पण रीत हीच. उधारी आणि जुनी येणी दोन्ही मिळून मंजूर झालेला पैसाही हाताबाहेर ठेवतात. स्टेटमेंट फुगवून देणं हा यावरचा इलाज नव्हे, तपासणीत ते उघडं पडतं आणि खात्याची पत कायमची जाते.

आपले पैसे आधी आणा

नवं कर्ज काढण्याआधी अडकलेला पैसा मोकळा करणं स्वस्त पडतं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायला हवेत, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी ही तरतूद त्यांना लागू नाही. माल बनवणारे आणि सेवा देणारे यांच्यासाठी ती आहे.

१ एप्रिल २०२४ पासून आयकरातही याला जोड मिळाली. खरेदीदाराने या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती रक्कम त्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे मार्चअखेर जवळ आली की सनदी लेखापालच खरेदीदाराला ‘यांचे पैसे द्या’ म्हणून आठवण करतो. पण त्यासाठी तुम्ही नोंदणीकृत उद्योग आहात हे त्याला माहीत हवं. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा.

कायदा हाती आहे म्हणून पहिल्याच दिवशी तक्रार करू नका. आधी दर तिमाहीला बाकीची लेखी पुष्टी घ्या, मग आठवणीचं पत्र पाठवा, मग मुदत घालून दुसरं. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. मोठ्या कंपनीला माल देत असाल तर ‘ट्रेड्स’ची चौकशी करा. कंपनीने मान्य केलेलं बिल या मंचावर चढतं, बँका त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला थोडी सूट वजा जाता काही दिवसांत पैसे मिळतात. कंपनीने पुढे पैसे बुडवले तर ती जबाबदारी तुमच्यावर येत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे.

आणि हाच नियम आपल्यालाही लावून घ्या. सायझिंगवाला तुमच्यासारखाच लहान उद्योजक आहे. त्याचं बिल ४५ दिवसांच्या आत गेलंच पाहिजे.

हप्ता थकण्याआधी

मंदीत हप्ता चुकू शकतो. चुकला की फोन उचलायचा नाही, ही सगळ्यांत घातक सवय. हप्ता तटला की पहिल्या ३० दिवसांत खातं एका यादीत जातं, ६० दिवसांपर्यंत दुसऱ्या, ९० दिवसांपर्यंत तिसऱ्या. आणि ९० दिवस उलटले की ते थकीत, म्हणजे एनपीए. सीसी खात्यातही उचलीपेक्षा जास्त बाकी सतत राहिली तर हेच होतं. एनपीए झाल्यावर दुसरी बँकही दार उघडत नाही.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये लहान उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी चौकट घालून दिली आहे. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू आहे आणि तिच्याखाली उद्योजक स्वतःहून अर्ज करू शकतो. हप्ता चुकण्याची चिन्हं दिसताच शाखेत जा. सोबत एक पान न्या: येणी किती आणि कधी येणार, हातात सौदे किती, कोणता खर्च कमी केला, आणि हप्त्याची मुदत किती वाढवून हवी. आकडे घेऊन वेळेत आलेल्या माणसाशी शाखाधिकारी वेगळ्या तऱ्हेने बोलतो.

या काळात मोबाइल ॲपवरचं झटपट कर्ज आणि रोजच्या वसुलीचा खासगी पैसा यांच्यापासून लांब राहा. त्यांचा दर मघाच्या २४ टक्क्यांनाही मागे टाकतो. असल्या पैशाने दुसरं कर्ज फेडायला सुरुवात झाली की पुढचा विकला जाणारा जिन्नस म्हणजे माग.

पाच जण मिळून

आठ-दहा मागांच्या कारखानदाराला गिरणी थेट दारात उभं करत नाही, कारण त्याची गरज काही पोत्यांची आणि गिरणीचा माल गाडीने निघतो. तोच काउंट लागणारे पाच जण एकत्र आले तर एक गाडी भरते, दलाली वाचते आणि रोखीचा दर पाचही जणांना मिळतो. नियम मात्र आधी लिहून ठेवा: गाडी निघण्याआधी प्रत्येकाने आपला हिस्सा खात्यात भरायचा, माल लॉटप्रमाणे वाटायचा, कुणी कुणासाठी जामीन राहायचं नाही. तोंडी विश्वासावर सुरू झालेली अशी खरेदी पहिल्या थकबाकीला मोडते. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाचीही बँक गॅरंटीवर कच्चा माल मिळवून देणारी योजना आहे, तिची चौकशी करून ठेवावी. सहकारातून सूतगिरण्या, बँका आणि साखर कारखाने उभे केलेल्या भागात सुताची एक गाडी मिळून आणणं अशक्य म्हणता येणार नाही.

पहिले सहा महिने

पहिल्या महिन्यात पुरवठादारांचं पान भरा, रोखीचा दर काढा, उद्यम नोंदणी करा आणि बिलावर क्रमांक छापा. दुसऱ्या महिन्यात ६० दिवसांहून जुन्या येण्यांची यादी करून पत्रं पाठवा, आणि दुसऱ्या गिरणीच्या सुताची दोन पोती मागवा. तिसऱ्या महिन्यात चाचणीचा तुकडा रंगवून घ्या, जीएसटी विवरणं आणि ताळेबंद घेऊन सीसीचा अर्ज करा. त्याआधी स्वतःचा पतअहवाल काढून त्यात चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. चौथ्या आणि पाचव्या महिन्यात, मर्यादा मिळाली तर तिच्यातून आणि नाही मिळाली तर वसूल झालेल्या येण्यांतून, जुन्या व्यापाऱ्याची बाकी एका लॉटने कमी करा आणि तेवढा माल नव्याकडून रोखीने घ्या. सहाव्या महिन्यात तेच पान पुन्हा काढून आकडे बदलले का ते पाहा. नसतील बदलले, तर कुठे अडलं ते त्याच पानावर दिसेल.

बँकेची मर्यादा पहिल्या अर्जात मिळेलच असं नाही. तरी काम थांबवू नका. एक लॉट रोखीने घेता आला, तरी पुढच्या वेळी व्यापाऱ्यासमोर बसून ‘आज भाव काय?’ असं ताठ मानेने विचारता येतं. लहान कारखानदाराच्या हाती एवढी ताकद असलीच पाहिजे. ती कुणी देणार नाही, हिशेबाच्या जोरावर आपणच मिळवायची आहे, आणि त्यासाठी पुढच्या तेजीची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.